आधी माझा गुडघा, मग जाऊबाईंचे

४ जानेवारी
आले घरी! उजवा गुडघा नवा, बाकी बाई जुनीच. ॲम्ब्युलन्सवाल्यांनी खुर्चीसकट जिना चढवला. थोरल्या जाऊबाई दारात, भिंत धरून उभ्या. म्हणाल्या, "आलीस? मला वाटलं, पाय तिथेच ठेवून येतेस की काय." आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

त्यांचे दोन्ही गुडघे माझ्याहून वाईट. किती वर्षं झाली, हा जिना उतरलेल्या नाहीत. डॉक्टर सांगून थकले. शेवटी मीच म्हटलं, आधी मी करून घेते, तुम्ही नुसतं बघा. माझं नीट झालं तर तुम्हीही करायचं. कबूल? "बघू," म्हणाल्या. त्यांचं 'बघू' म्हणजे 'नाही'च्या केसभर अलीकडे!

तेव्हा आता नुसतं बरं होऊन भागायचं नाही. त्यांच्या डोळ्यांदेखत बरं व्हायचंय.

५ जानेवारी
दुखतंय. फार. इथे लिहायला हरकत नाही — बोलायचं नाही.

७ जानेवारी
व्यायाम शिकवायला फिजिओ पोरगी आली. चवळीची शेंग नुसती, पण पकड लोहाराची! "आजी, टाच गादीवरून मागे ओढा. अजून. अजून." जीव कासावीस झाला. पलीकडच्या खोलीत जाऊबाई, मधलं दार उघडं. रुमालाचा बोळा दातांत धरला आणि ओढली टाच.

ती गेल्यावर जाऊबाईंची हाक — "फार दुखलं का गं?"
"छे! मुंगी चावल्यासारखं."

१० जानेवारी
दुखण्याची गोळी घेताना जाऊबाईंनी पाहिलं. चेहरा एवढासा झाला. गोळी बंद! गुडघ्याखाली मऊ उशी सरकवली की ठणका बसतो, हा शोध माझा मीच लावला. शिलाई मशीन तरी मला कुणी शिकवली होती? बघून बघूनच हात बसला. गुडघ्याचंही जमेल.

जाऊबाई म्हणतात, "लोळत्येय बघा कशी, महाराणी!" म्हणू देत. हसतायत ना!

१४ जानेवारी
उशी म्हणजे स्वर्ग.

२२ जानेवारी
आज पुरती फजिती. फिजिओ पोरीने माझ्या गुडघ्याखालून हात आरपार घातला. "आजी, हा पाय सरळ का होत नाही?" मग उशी दिसली. "ही इथे कुणी ठेवली?"

मी हळूच उशी ओढून घ्यायला गेले.

"उशी टाचेखाली. गुडघ्याखाली कधीच नाही. असा वाकवून ठेवलात तर तो आखडून बसणार." बरं, वाकवायला गेलो तर तिकडेही रुसलेला. काटकोनाच्या कितीतरी अलीकडे अडला. गोळी बंद केल्याचं ऐकून तिने कपाळाला हात लावला. "अहो, गोळी व्यायामाआधी घ्यायचीच. कळ सोसत अंग चोरलंत तर गुडघा सुटेल कसा? असाच राहिला तर डॉक्टरांना भूल देऊन वाकवावा लागेल."

पुन्हा भूल, पुन्हा हॉस्पिटल! मग जाऊबाई कसल्या तयार होतायत? शहाणपणा करायला गेले आणि तोंडावर आपटले.

२३ जानेवारी
गोळी घेतली. उशी टाचेखाली. रुमाल नाही.

काय ओरडले, काय ओरडले! समोरच्या इमारतीतल्या खिडक्या उघडल्या. पोरगी म्हणते, "खुशाल ओरडा, पण टाच थांबवू नका." डोळे उघडले तर दारात जाऊबाई. भिंत धरत धरत आलेल्या. चेहरा दगडाचा. मी घाम पुसला आणि नेहमीसारखा चहा मागितला. त्या काही न बोलता वळल्या. चहा सूनबाईने आणला.

झालं. सगळ्यावर पाणी पडलं.

३ फेब्रुवारी
काटकोन! वर थोडा जास्तच! पाय सरळही होऊ लागलाय. पोरीने टाळ्या वाजवल्या. सूनबाईने मिठी मारली. जाऊबाई? व्यायामाच्या वेळी दार लोटून घेतात. कडीचा आवाजही येतो.

काटकोनाचं काय करू मी एकटी?

६ फेब्रुवारी
राहवेना. वॉकर टेकत त्यांच्या खोलीत गेले. म्हटलं, "खोटं बोलले मी. मुंगी नव्हती, विंचू होता."

"मला कळलं नाही होय?" — तटकन. "अख्खा जन्म एका स्वयंपाकघरात गेला आपला. सुई टोचली तरी घर डोक्यावर घेणारी बाई तू. गुडघा कापून आलीस आणि तोंडातून ब्र नाही! मला वाटलं, हे सांगण्यापलीकडचं असणार. हातपाय गार पडले होते माझे. त्या दिवशी ओरडलीस, आणि घाम पुसून चहा मागितलास — तेव्हा कुठे जिवात जीव आला."

"मग बोलत का नव्हता?"

"रागावले होते. अजून आहेच. बस खाली, नवा गुडघा उभा ठेवून काय मिरवतेस!"

बसले. ऑपरेशनचा विषय काढायची हिंमत झाली नाही.

७ फेब्रुवारी
सकाळी जाऊबाईंनी आपणहून डॉक्टरांना फोन लावला. मला विचारलं नाही, कुणालाच नाही. तपासणीची वेळ घेतली, आणि वर त्यांनाच बजावलं — "जमत असेल तर दोन्ही गुडघे एकदम करा. ओरडायचंच आहे, तर एकदाच काय ते ओरडून घेते."