संस्थेतला रांजण

पिंपळसोंड, ता. भूम
७ जानेवारी १९७३

ती. गजराअक्कास व्यंकटचा सविनय जयभीम. वि. वि.

इकडे आई व मी ठीक आहोत. विहिरी आटल्या, पण दूध संस्थेतली माझी नोकरी आहे म्हणून आईला दुष्काळी कामावर खडी फोडायला जावे लागत नाही. दुधात फॅट किती ते मोजताना मी काचेची नळी उजेडात धरून दोनदा बघतो. सभासद हसतात, म्हणतात, व्यंकटने दुधाला सुद्धा शाळेत घातले.

एक गोष्ट भावजींच्या कानावर घाल. संस्थेत सगळे रांजणात तांब्या बुडवून पाणी पितात. मला मात्र शिपाई ज्ञानोबा लांबून ओंजळीत ओततो. माझा कप खिडकीत वेगळा पालथा असतो. परवा ज्ञानोबा रजेवर होता, तर मी दिवसभर तहानलेला बसलो. शेवटी जिल्ह्याच्या साहेबांना तक्रार लिहिली. पुन्हा पुन्हा तपासून टपालात टाकली. चुकले का, ते कळव.

बाळाला पापा. माया आहे तशीच राहू दे.
तुझा व्यंकट


सास्तूर
१८ जानेवारी १९७३

चि. व्यंकटास अक्काचे पोटभर आशीर्वाद.

चुकलं काय त्यात? तू शिकावास म्हणून तर मी चौथीतून घरी बसले. हे म्हणतात, मेव्हण्याचं अक्षर मोत्याचं आणि काळीज चिमणीचं! साहेब आले की खाली बघू नको, आहे ते सांग. पण तुझे सचिव महारुद्रअप्पा गोड बोलणारे आहेत, जपून राहा. आईला सांभाळ.

तुझी अक्का


पिंपळसोंड
२५ फेब्रुवारी १९७३

ती. अक्कास सविनय जयभीम. वि. वि.

तक्रार अप्पांना कळली. दुसऱ्याच दिवशी त्यांनी माझ्या हातातली नळी काढून घेतली आणि मला कॅन धुवायला अंगणात बसवले. पगारही अडवला आहे. रोज माझ्याकडे तंबाखू मागणारा ज्ञानोबा आता ओळख देत नाही. अप्पांनी बोलावून सांगितले की अर्ज मागे घे आणि उद्यापासून नळी धर, नाहीतर तुझ्या आईच्या हातात हातोडा आलाच म्हणून समज. मी नाही म्हणालो.

सोमवारी साहेब चौकशीला येणार आहेत. काय बोलायचे ते पाठ करतो आहे. आठवण काढत जा.
तुझा व्यंकट


पिंपळसोंड
१ मार्च १९७३

ती. अक्कास जयभीम.

चौकशी झाली. त्या दिवशी मी सकाळपासून उन्हात कॅन धूत होतो, पाणी कोणी ओतले नाही. जीप आल्यावर अप्पांनी मला आत बोलावले, खांद्यावर हात ठेवला, स्वतः रांजणात तांब्या बुडवला आणि साहेबांसमोर माझ्या हातात दिला. मी तो तोंडाला लावून सगळा प्यालो.

साहेबांनी विचारले, आता तक्रार कसली? सगळे हसले. पाठ केलेले एकही वाक्य आठवले नाही. तक्रार खोटी ठरली. संस्थेची बदनामी केली म्हणून मला कामावरून काढले. जीप गेल्यावर ज्ञानोबाने रांजण अंगणात उपडा केला. अशा दुष्काळात, अक्का. चिखलावर चिमण्या जमल्या.

व्यंकट


सास्तूर
९ मार्च १९७३

चि. व्यंकटास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून हे जेवता जेवता उठले. मी तुला जपून राहा म्हणाले होते ना रे? तांब्या खाली ठेवायचा होता. का प्यालास? मला एवढंच सांग.

तुझी अक्का


खडी केंद्र, पिंपळसोंड
१७ मार्च १९७३

ती. अक्कास सविनय जयभीम. वि. वि.

आई आणि मी दोघेही इथे खडी फोडतो. तिच्या बोटांना चिंध्या बांधल्या आहेत. तिने मला बोल लावला असता तर बरे वाटले असते.

तू विचारलेस म्हणून लिहितो. तहान होतीच, पण तेवढ्यासाठी नाही. अप्पांचा हात खांद्यावर होता. तांब्या माझ्याच हातात दिला होता, वरून ओतला नव्हता. मला वाटले, त्यांचे मन पालटले, आता उद्यापासून असेच. मी त्यांना हात जोडून म्हणालो सुद्धा, अप्पा, लई उपकार झाले.

पाणी लई गार होतं, अक्का. मला वाटलं, खरंच दिलं.

रागावलीस तरी लिहीत राहा.
तुझा व्यंकट