आपल्या भाषेत बोला, अक्का

सोमवार, 5 जानेवारी 2026. सकाळी 10.40

ऑफिसने नवा फोन दिला. आत नोंदी घेणारं AI. म्हाताऱ्या माणसांच्या घरी जायचं, फोन टेबलावर ठेवायचा, गप्पा मारायच्या. ते ऐकतं आणि नोंद आपली आपण लिहितं. नऊ वर्षं या ट्रस्टच्या होम व्हिजिट करून रोज तीन-तीन पानं खरडली. बोटांना अखेर न्याय मिळाला.

श्रीविद्या मॅडमनी दोन तास ट्रेनिंग दिलं. वयाने माझ्या भाचीएवढ्या, पण सुपरवायझर. नियम: आधी विचारायचं, मगच रेकॉर्ड करायचं. नको म्हणाले तर बंद. नोंद वाचल्याशिवाय मंजूर करायची नाही. हे सगळं नव्या पोरांसाठी. गोपनीयता माझ्या रक्तातच आहे. आमच्या खापरपणजोबांनी तंजावरच्या दरबारात गुप्त पत्रं लिहिली, एक अक्षर बाहेर फुटलं नाही. भारतीला हे सांगितलं तर म्हणाली, ती मोडीत होती, कोणाला वाचताच येत नव्हती. बायकोला इतिहासाची आवड नाही.

दुसऱ्या तासाला कॉफीला बाहेर गेलो. पहिल्या तासातच सगळं समजलं होतं.

संकल्प: रोजची नोंद रोज वाचणार. वाचलेल्या वेळात गावातल्या महामहम तळ्याला सहा फेऱ्या. आणि ही रोजनिशी शुद्ध मराठीत. पुण्यात बारा वर्षं नोकरी केली ती काय उगाच?

बुधवार, 7 जानेवारी

पाच व्हिजिट. फोनने पाच नोंदी लिहिल्या. मी नुसता मान हलवत बसलो होतो.

गोपालकृष्णमामांनी मात्र छळलं. रिटायर्ड हेडमास्तर, त्यामुळे प्रश्न फार. हे बोललेलं जातं कुठे, म्हणे. मी सांगितलं, वर जातं. क्लाउड. मामा म्हणाले, म्हणजे माझ्या आधी माझं बोलणं वर पोहोचणार? नको, बंद करा. मी फोन उलटा ठेवला. स्क्रीनवर 'संमती घेतली?' असं येतं, तिथे होय दाबलं. नाही दाबलं तर नोंद हाताने लिहावी लागते. शेवटी त्यांच्याच भल्यासाठी ना हे सगळं?

तळं: एक फेरी. चप्पल चावली.

शुक्रवार, 9 जानेवारी. दुपारी 4.15

दारासुरम, शेजारचं विणकरांचं गाव. विजयलक्ष्मी अक्का. वय शहात्तर, घरात एकट्या. यजमान रेशमाचे रंग विकायचे, ते जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा रविशंकर चेन्नईला. आपलीच माणसं, तंजावरी मराठी बोलणारी. मला सुंदरा म्हणणारं आता जगात एवढं एकच माणूस उरलंय.

फोन पाहून अक्का गप्प. मग मी अशी युक्ती काढली की मॅडमच्या दोन तासांत बसली नसती. म्हटलं, अक्का, आपल्या भाषेत बोला. यात भाषा तमिळ लावलीय, माझ्या हाताने लावलीय. आपलं मराठी पुण्यातल्या वाण्याला कळायचं नाही, तो मला कर्नाटकातला समजायचा. मशीनला काय कळणार, कप्पाळ!

अक्का हसल्या. आणि मग बोलल्या. दोनदा गॅस चालू राहिला. एकदा वास शेजारणीला आला म्हणून निभावलं. डिसेंबरात पोस्टातून परत येताना घरचा रस्ताच आठवेना, तास-दीड तास बस स्टँडवर बसून राहिल्या. कोणाला विचारायचीही लाज वाटली. हे सांगताना माझा हात धरला होता. कोणा सांगूं नक्को रे सुंदरा. रवीला कळलं तर उचलून नेईल. मज या घरांतून जावाचं नाहीं.

मी शब्द दिला. जिवात जीव असेपर्यंत, म्हटलं. डोळ्यांत पाणी आलं. माझ्याच.

मॅडमना सांगावं का? नाही. शब्द म्हणजे शब्द.

फोन चालूच होता. असू दे. त्याला फक्त आमचं हसणं कळलं असेल.

सोमवार, 12 जानेवारी

नोंदी वाचल्या नाहीत. पोंगलची साफसफाई. भारतीने माळ्यावर चढवलं.

फोनवर ॲपचे दोन मेसेज. अपडेट की काय. दिवसाला छप्पन येतात, सगळे वाचत बसलं तर समाजसेवा कधी करायची?

शनिवार, 17 जानेवारी. दुपारी 1.45

एकतीस नोंदी साठल्या होत्या. जेवता जेवता खाली एक बटण दिसलं: 'सर्व मंजूर करा.' डाव्या अंगठ्याने दाबलं. उजव्या हाताला सांबार होतं. एकतीस हिरव्या खुणा एकदम उमटल्या. हेच काम डिसेंबरात नऊ दिवस चाललं होतं. भारतीला दाखवलं. तिने विचारलं, वाचलंस? मी म्हटलं, अनुभवी माणसाला वाचावं लागत नाही.

मंगळवार, 20 जानेवारी. सकाळी 11

गोपालकृष्णमामांच्या मुलीचा बेंगळुरूहून फोन. बाबा गोळ्या कुंडीत टाकतात हे तुम्ही आधी का नाही कळवलं? मी म्हटलं, मी आत्ताही कळवलेलं नाही. ती म्हणाली, सारांश आलाय की. शनिवारी.

कसला सारांश?

11.50

ॲप उघडलं. ते अपडेट वाचलं. 'आता भाषा आपोआप ओळखली जाईल.' पाच तारखेपासून. दुसरा मेसेज: 'नोंद मंजूर होताच नोंदवलेल्या नातेवाइकाला सारांश पाठवला जातो.' हे बहुधा ट्रेनिंगच्या दुसऱ्या तासात सांगितलं असणार. महत्त्वाच्या गोष्टी पहिल्या तासात सांगायला नकोत का?

12.10

अक्कांची नोंद उघडली. स्वच्छ, सुरेख तमिळ. गॅस, दोनदा. शेजारीण. पोस्ट. बस स्टँड. एकही शब्द चुकलेला नाही. खरं सांगतो, एक क्षण छातीच फुगली. पुण्यात बारा वर्षांत कोणाला आमची भाषा कळली नाही, याला कळली!

मग पुढच्या ओळी वाचल्या. 'मुलापासून माहिती लपवतात. एकटे राहणे असुरक्षित. हलवण्याची शिफारस.' ही शिफारस अक्कांनी केली नव्हती. मीही केली नव्हती. कोणीच केली नव्हती. त्याखाली लिहिलं होतं: 'तपासले: सुंदरराव.' त्याखाली: 'रविशंकर यांना पाठवले, 17 जानेवारी, 1.42.' त्यापुढे: 'वाचले.'

नोंद क्रमांक 19 पण पाहिली. 'क्लायंट: भारती. घरात आपलं कोणी ऐकत नाही असं वाटतं.' फोन जेवणाच्या टेबलावर राहिला होता वाटतं. नातेवाईक नोंदवलेला नाही, म्हणून ती कुठे गेली नाही.

बुधवार, 21 जानेवारी

आज मॅडमना सगळं सांगणार होतो. त्या मीटिंगमध्ये होत्या. दोन वाजता मोकळ्या झाल्या, तेव्हा मला भूक लागली होती. शिवाय रविशंकरने वाचूनही फोन केलेला नाही. म्हणजे मनावर घेतलेलं नाही. मोठ्या कंपनीतला माणूस, त्याला वेळ कुठला?

शुक्रवार, 23 जानेवारी

अक्कांची नोंद डिलीट केली. 'फक्त या फोनवरून काढली जाईल' असं आलं. होय दाबलं. निदान माझ्याकडून तरी आता कोणाला कळणार नाही. बरं वाटलं. तळ्याला जाऊन बाकावर बसलो.

शनिवार, 24 जानेवारी. सकाळी 9

अक्कांचा फोन. आवाजच ओळखू येईना, इतक्या आनंदात. रवी येतोय. सोमवारी सुट्टी आहे म्हणून उद्या संध्याकाळीच पोहोचतोय. तीन वर्षांत दिवाळीलाही आला नव्हता, पोंगललाही नाही. त्याला आवडतं म्हणून डांगराचं पीठ भाजून ठेवलंय.

मग विचारलं, सुंदरा, तूं कांही सांगितलास कीं काय त्यास?

मी म्हटलं, नाही अक्का. आता यात खोटं काय आहे? मी नाहीच सांगितलं.

अक्का म्हणाल्या, मग मायेनंच येतोय रे पोर.

मी फोन ठेवला. भारती विचारत होती, काय झालं, चेहरा असा का. रेंज नव्हती, म्हटलं.

रविवार, 25 जानेवारी

ठरवलं. जाऊन अक्कांना सावध करायचं. खरं ते सांगून टाकायचं. नऊच्या टाउन बसने दारासुरम गाठलं. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी कॉफी घेतली. मागांचा खटखट आवाज येत होता. अक्का दारात रांगोळी काढत होत्या. पांढरी नुसती नाही, रंगांची. वाकून, कंबरेवर हात ठेवून, थांबून थांबून.

मग माझ्या लक्षात आलं की मुलाकडे काय गेलंय हे आईला सांगणं म्हणजे मुलाची गोपनीयता मोडणं. मॅडमनीच सांगितलंय, एका क्लायंटची माहिती दुसऱ्याला द्यायची नाही. नियम तो नियम. दुसरी कॉफी घेतली आणि परतीची बस धरली.

 

मंगळवार, 27 जानेवारी. सकाळी 10

रविशंकरचा फोन. आधी खूप आभार मानले. तुमचा रिपोर्ट फार क्लिअर होता, म्हणाला. प्रिंट काढून आणली होती. काल जेवणानंतर आईला पूर्ण वाचून दाखवली. आई म्हणाली, हे कोणी लिहिलं? मी खालचं नाव दाखवलं. त्यानंतर बोललेलीच नाही.

चेन्नईत एका वृद्धाश्रमात खोली मिळालीय. परवा सकाळी निघणार. तुम्ही या, म्हणाला. आपल्या भाषेतलं माणूस असलं की तिला धीर येईल.

त्यानंतर तीन अनोळखी नंबरवरून फोन आले. एकही घेतला नाही. एकतीसपैकी दोनच मला कळलेत. उरलेल्या घरांत काय काय वाचून दाखवलं जात असेल देव जाणे. फोन खिशात थरथरला की मी खिसा हाताने दाबून धरतो. भारतीने शेवटी फोन पिठाच्या डब्यावर नेऊन ठेवला. तिथेही वाजतोय.

बुधवार, 28 जानेवारी. दुपारी 12

मॅडमना सगळं सांगितलं. सगळं. होय दाबलेलं, अंगठा, सांबार, शब्द दिलेला, गल्लीतून परत आलो ते.

वाटलं होतं ओरडतील. ओरडल्या नाहीत. एवढंच विचारलं, नऊ तारखेलाच मला का नाही सांगितलंत? मी म्हटलं, कोणाला सांगणार नाही असा शब्द दिला होता. मॅडम म्हणाल्या, अशा घरांना आपण गॅस आपोआप बंद होणारं यंत्र लावतो. दुपारची एक बाई ठेवतो. डॉक्टरकडे नेतो. पिशवीत पत्ता आणि फोन नंबर लिहून ठेवतो. एवढ्यावर माणसं वर्षानुवर्षं आपल्या घरात राहतात, सुंदरराव. आणि त्यांना विचारूनच मला सांगायचं होतं. त्या हो म्हणाल्या असत्या.

 नऊ वर्षांत अशी कितीतरी यंत्रं मी स्वतः लावून घेतली आहेत. पण त्या दिवशी मला विश्वासू व्हायचं होतं.

मॅडमनी माझ्यासमोर रविशंकरला फोन लावला. ती शिफारस कोणा माणसाने केलेली नाही, नोंद न वाचता पाठवली गेली, आमची चूक, घरी सोय करायला पंधरा दिवस द्या, म्हणाल्या. तो नम्रपणे म्हणाला, गॅस चालू राहिला हे खोटं आहे का? मॅडम म्हणाल्या, नाही. तो म्हणाला, मग झालं.

फोन मॅडमनी ठेवून घेतला. उद्यापासून मी तीस घरी जाऊन, काय गेलंय आणि कोणाकडे, ते तोंडाने सांगायचं आहे. माफी मागायची आहे. आधी दारासुरम.

गुरुवार, 29 जानेवारी

सकाळी साडेआठला पोहोचलो. दारात गाडी उभी. डिकीत दोन पेट्या आणि एक गुंडाळलेली गादी. अक्का बाहेरच्या कट्ट्यावर बसल्या होत्या, चांगलं पातळ नेसून, हातात पर्स.

मी म्हटलं, अक्का, चुकलो. पूर्ण सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग तमिळमध्ये म्हणाल्या, बसा सार.

मला वाटलं माझ्या मागे कोणी सर आलेत. मी पुन्हा म्हटलं, अक्का, मी सुंदरा. त्या तमिळमध्येच म्हणाल्या, कॉफी द्यायला भांडं नाही, सगळी बांधून झालीत सार, चालेल ना, रागावू नका. रविशंकर हसून म्हणाला, आई, सुंदररावांशी काय तमिळ बोलतेस? त्या माझ्या शर्टाच्या खिशाकडे पाहत होत्या. मी खिसा उलटा करून दाखवला. पेन होतं आणि बसचं तिकीट.

कुलूप लावताना किल्ली फिरेना. रविशंकरने फिरवली. मी पेटी उचलायला गेलो तर त्यांनी हळूच माझा हात बाजूला केला, अनोळखी माणसाचा करतात तसा, आणि तमिळमध्ये आभार मानले.

निघताना आपल्यात येते म्हणतात. तमिळमध्येही जाऊन येते असंच म्हणतात. अक्का गाडीत बसल्या, काच खाली केली, हात जोडले आणि म्हणाल्या, पोरेन् सार. जाते.