ब्रीदरच्या पाईपातला बोल्ट

बाबा, मागच्या पत्रात मी तुम्हाला लिहिलं होतं की आपले जुने गिऱ्हाईक, त्या सरांच्या निळ्या गाडीचं तेल माझ्या वॉशरमुळे गळलं. ते चुकीचं होतं. तेच पत्र काढून त्या ओळीवर रेघ मारावी असं आधी वाटलं, पण खोडलेलं खालून वाचता येतंच, म्हणून नवा कागद घेतला. वॉशर मी तापवला होता आणि मीच बसवला होता, एवढं त्यातलं खरं. गळतीचं कारण तो नव्हता. हे मला या सोमवारी कळलं, तुम्हाला जाऊन सात वर्षं झाल्यावर.

तुम्ही मला पहिलं काम शिकवलंत ते शेडमध्ये नाही, स्वयंपाकघरात. आईच्या भाकऱ्या झाल्या की गॅस आपला. तेलाच्या पाईपाला लागणारा तांब्याचा जुना वॉशर सांडशीत धरायचा, लाल होईपर्यंत आचेवर ठेवायचा आणि पाण्याच्या वाटीत सोडायचा. चर्र आवाज यायचा आणि तुम्ही म्हणायचात, "आता मऊ झाला. नव्यासारखा दाबून बसेल." आई म्हणायची, "वाटी तेवढी वेगळी ठेवा. काल आमटीला तुमच्या गॅरेजचा वास होता." दहावीचा निकाल लागला तेव्हा तुम्ही मला दहा-अकराचा पाना दिलात, वर्तमानपत्रात गुंडाळून. पेढे आईने वाटले. तुम्ही शेजारच्यांना सांगत होतात, पोरगी झाली तरी हात माझाच आहे. मी आत उभी राहून ते ऐकलं होतं. आता वाटतं, ऐकलं नसतं तर बरं झालं असतं.

मग ती एकोणिसाव्या वर्षातली दुपार. सरांची गाडी तेव्हाही जुनीच. डिझेल, टर्बोवाली, धूर टाकते म्हणून आलेली. मुलुंडहून स्वतः चालवत आणली होती त्यांनी. टर्बोला तेल नेणारा पाईप तुम्ही मला बसवायला दिलात, मी गाडीखाली शिरले. तुम्ही वर बॉनेटमध्ये वाकून काहीतरी करताय. सरांना काय म्हणालात ते मला खालून ऐकू आलं होतं, "दोन दिवस हे बंद ठेवून बघू सर, धूर थांबतो का." काय बंद ठेवणार ते मी विचारलं नाही. मी माझा पाईप बघत होते.

चौथ्या दिवशी सर परत. सोसायटीच्या पार्किंगमध्ये तेल सांडलं म्हणून सेक्रेटरी बोलला होता. तुम्ही खाली वाकलात, टर्बोपाशी ओलं दिसलं आणि विचारलंत, "हे कोणी बसवलं?" कोणी ते तुम्हाला माहीत होतं. "तुझे डोळे खंय होते गो?" एवढंच मला, हळू आवाजात. आणि सरांकडे वळून, "माफ करा सर. पोरीला इंजिनाला हात लावू दिला, ही माझी चूक." सर म्हणाले, "असू द्या हो, शिकतेय ती." तुम्ही म्हणालात, "शिकायला लोकांच्या गाड्या नाहीत." मग माझ्या हातातला पाना घेतलात, फडक्याने पुसलात आणि तुमच्या ड्रॉवरमध्ये ठेवलात. तुम्ही ओरडला असतात तर मी विसरले असते. दुसऱ्या दिवसापासून मी फोन घ्यायचा, चहा करायचा, जॉबकार्डं लिहायची. वर्षभरात तुम्ही गेलात. दिवसकार्य झाल्यावर मी ड्रॉवर उघडला, तर पाना तसाच फडक्यात होता.

नंतर मी दुसऱ्यांकडे काम शिकले, आणि तीन वर्षांपूर्वी आपली बंद पडलेली शेड पुन्हा उघडली. बोर्डावर तुमचंच नाव आहे. तुम्हाला वाटेल की आता मी निवांत असेन. तसं नाही. एकेक नट मी तीनदा तपासते. अर्ध्या वाटेतून परत येऊन कुलूप काढते आणि चौथ्यांदा बघते. जुना वॉशर तापवून मी पुन्हा कधीच बसवला नाही. नवा आणते, कुर्ल्याला जावं लागलं तरी. गिऱ्हाइकं म्हणतात, मुलगी फार काळजीपूर्वक काम करते. ती काळजी नाही बाबा, ती भीती आहे.

सरांची गाडी पाच वर्षं सोसायटीत कव्हरखाली उभी होती. सोमवारी ती टो करून कांजूरला, आपल्या शेडमध्ये आणली. सगळे ऑइल सील आणि गॅस्केट बदलून टाक, गळती थांबव, असं सर म्हणाले. बदलण्याआधी कुठून गळतंय ते बघायचं, हे तुमचंच शिकवणं. इंजिन डिझेलने घासून धुतलं, सुकवलं, सगळीकडे आईच्या डब्यातली पावडर मारली आणि गाडी चालू केली. पावडरीवर ओलं सगळीकडून उमटायला लागलं. वरच्या झाकणातून, मागच्या सीलमधून, टर्बोच्या खालच्या पाईपातून. कोरडा राहिला तो फक्त माझा वॉशर. माझाच, कारण त्याच्या कडेला आपल्या सांडशीचा दात उमटलाय. तुम्ही तो बदललाही नव्हतात, नुसता आणखी आवळून गाडी दिली होतीत.

सगळ्या सांध्यांतून एकदम तेल येतं तेव्हा सांध्यांचा दोष नसतो, आत दाब साठलेला असतो. तेल भरायचं झाकण काढलं आणि तिथे रबरी हातमोजा ताणून बांधला. मोजा फुगला, पाचही बोटं ताठ उभी राहिली. इंजिनातली वाफ बाहेर पडायची वाट म्हणजे ब्रीदरचा पाईप. तो चाचपत गेले, तर त्यात बोल्ट ठोकलेला. त्यावर तार, दोन वेढे, आणि तारेचं टोक आत वळवलेलं, कोणाच्या बोटाला लागू नये म्हणून. असं टोक वळवणारा माणूस मी एकच पाहिलाय. बोल्ट काढून पाईप साफ करून जोडला, तशी मोज्याची बोटं खाली पडली. तेलही जवळजवळ थांबलं. उरलेल्या दोन जागांचं नव्या सीलने भागेल.

दोन दिवसांसाठी म्हणून ठोकलात आणि काढायला विसरलात, ते मी समजू शकते. मीही विसरते. मंगळवारी आई जवळा निवडत बसली होती, तिच्यासमोर तो बोल्ट ठेवला. तिने विचारलंही नाही कुठला ते. म्हणाली, "त्या निळ्या गाडीचा ना?" मी म्हटलं, तुला कसं माहीत. ती जवळ्यातला कचरा काढत राहिली. "शेवटी अंथरुणाला होते तेव्हा त्यांना आठवलं. म्हणाले, पोरीचा काय दोष नव्हता, मीच बंद करून ठेवलं होतं. मी म्हटलं, मग तिला सांगा. तर म्हणाले, आता काय सांगायचं."

"आणि तू?"

"मी काय? नंतर तू बाहेर काम शिकत होतीस, बरं चाललं होतं तुझं. गेलेल्या माणसाचं कशाला उकरायचं?"

मी रोज तुमचं पाणी, तुमच्या गोळ्या घेऊन त्या अंथरुणापाशी येत होते. तुम्ही मला म्हणायचात, "बाय, पंखा कमी कर." तेवढ्याच श्वासात ते मावलं असतं.

आता माझंही लिहिते, नाहीतर हे पत्रही मागच्यासारखंच व्हायचं. पहिलं, बोल्ट हातात आला तेव्हा मला आनंद झाला, आणि तो तुमची चूक सापडल्याचा होता. दुसरं, काल सरांचा फोन आला. "काय निघालं गं?" मी म्हटलं, "काही नाही सर, पाईप जुना होऊन चोंदला होता." ते म्हणाले, "तुझ्या बाबांचा हात वेगळाच होता हो, इतकी वर्षं टिकलं." मी "हो सर" म्हटलं. तुम्ही माझं नाव जितक्या सहज पुढे केलंत, तितक्याच सहज मी तुमचं लपवलं. हात माझाच आहे म्हणायचात, ते असं खरं ठरलं.

हा कागद मागच्या पत्राबरोबर ड्रॉवरमध्ये जाईल, पान्याखाली. बोल्ट बाहेर ठेवलाय, तार सोडवलेली नाही. सर गाडी न्यायला येणार आहेत शनिवारी सकाळी दहाला. शनिवारी त्यांना खरं काय ते सांगेन.