अकरा मिनिटांचं गाणं

३ एप्रिल, सकाळी साडेनऊ
आजपासून रोज लिहिणार. कुणाला दाखवायला नाही, माझं मला.
बँड तयार. कीबोर्डवर आयजमाल. शाळेत संगीत शिकवते, त्यामुळे तिला जरा मर्यादा येतात. ड्रम्सवर साग्यीन, माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. वाजवतो बरा, पण मुख्य म्हणजे मिनीबस त्याची आहे. आवाज, गिटार, शब्द आणि विचार माझे.
काराकोलच्या बसस्टँडसमोर गुलबारा एजेचा चहाखाना आहे. एजे अख्ख्या गावाची मोठी बहीण, आणि बोलतेही तशीच. तिने तीन शनिवार दिलेत, संध्याकाळी पाचला. लोक शेवटपर्यंत बसले तर शनिवार कायमचा आमचा. नाहीतर तिचा भाचा कराओके मशीन लावणार. मी म्हटलं, एजे, मशीन आत्ताच परत करायला सांग. ती म्हणाली, आधी गा तर खरं, राजा.
संकल्प : रोज दोन तास रियाज. थंड पाणी बंद.

५ एप्रिल
रियाज झाला नाही. मानसिक तयारी केली. ती जास्त दमवते.

७ एप्रिल, पहिला शनिवार
मोठ्या टेबलावर कुणाचा तरी पन्नासावा वाढदिवस. मी थेट माझं अकरा मिनिटांचं गाणं काढलं, तीन भागांतलं, सरोवराबद्दलचं. तिसऱ्या मिनिटाला बर्थडेवाले गृहस्थ लगमानचा, रश्शातल्या शेवयांचा वाडगा हातात घेऊन माइकपाशी आले आणि म्हणाले, भाऊ, जरा नाचायचं काहीतरी होऊ दे. मी नम्रपणे सांगितलं की आम्ही फक्त स्वतःची गाणी गातो. मग त्यांनी फोनवर नाचायचं लावलं, तेही मोठ्याने.
शेवटी पाच जण उरले. त्यातले तीन आम्ही.
आयजमाल म्हणते, गाणं तीन मिनिटांचं कर. म्हणजे हत्ती कापून मांजर करायचं! साफ नाही म्हटलं. गाणं उत्तम आहे. लोकांना गांभीर्य नाही.

१० एप्रिल, दुपारी
सुचलं! कासिमाली आजोबांना बोलवायचं. वय ब्याऐंशी, गावात त्यांचा शब्द कुणी मोडत नाही. मोठ्या गाण्याआधी त्यांनी दुआ द्यायची. लग्न असो, प्रवास असो, घराचं छप्पर असो, शुभकामाला आधी दुआ लागतेच. मग कोण उठायची हिंमत करतो ते बघू.
आयजमालला सांगितलं नाही. शंका काढत बसते.

१४ एप्रिल, संध्याकाळी सात
चहाखाना खच्चून भरलेला. लोकांचं जेवण झालेलं, चहा चाललेला. मी आजोबांना हात धरून उभं केलं. त्यांनी तळवे पसरून सुरेख दुआ दिली. सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले, एका सुरात ओमीन म्हटलं.
आणि उठले. सगळे. आजोबासुद्धा.
जेवणानंतर दुआ झाली की घरी जायचं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. मला माहीत नव्हतं असं नाही. कलेच्या नादात लक्षात राहिलं नाही इतकंच. मी पहिली तार छेडली तेव्हा लोक आपापले कोट शोधत होते. एजे म्हणाली, अरे एसेन, मयतालासुद्धा लोक याहून जास्त वेळ बसतात.
आयजमाल तोंडावर रुमाल धरून बसली होती. रडत असावी, भावुक आहे.

१७ एप्रिल
झोप नाही. चौतीस वर्षांचा झालो. माझं एक गाणं एकदा तरी लोकांनी शेवटपर्यंत ऐकावं, एवढंच मागतोय. हे फार आहे का?
घशासाठी बायकोने मेंढीच्या शेपटीची चरबी घालून दूध दिलं. आता आवाज नाही आणि भूकही नाही.

२१ एप्रिल, संध्याकाळी आठ
जिंकलो! जिंकलो!! अकरा मिनिटं एक माणूस हलला नाही. मग दुसरं गाणं, तिसरं. तास झाला तरी सगळे जागच्या जागी, डोळे एकटक पुढच्या, आजोबांच्या टेबलावर. याला म्हणतात तल्लीनता.
मध्ये मी पाणी प्यायला गेलो तेवढ्यात आयजमालने स्वतःचं एक छोटं गाणं म्हटलं. लोकांनी ताल धरला, दोघं नाचलेसुद्धा. वातावरण मी तयार केलेलं, ही आयत्या पिठावर रेघोट्या ओढून मोकळी. असो.
सगळं संपल्यावर कासिमाली आजोबा उठले. तळवे पसरले. म्हणाले, या पोराला अल्लाने त्याच्या लायकीचा धंदा द्यावा, आणि लवकर द्यावा.
ओमीन!! खिडक्या हादरल्या. एवढी दाद मला आयुष्यात मिळाली नव्हती.

२२ एप्रिल, रविवार
साग्यीन सकाळीच आला. म्हणाला, दाजी, खरं सांगू का, लोक अडकले होते. आयजमालने आजोबांना सांगून ठेवलं होतं की शेवटचं गाणं होईपर्यंत हात वर करायचे नाहीत. आजोबांनी दुआ दिल्याशिवाय उठायचं कसं? ते बिचारे नऊ वाट्या चहा प्यायले. एकाची बिश्केकची गाडी चुकली.
ड्रम्सवाल्यांना गायकाचा मत्सर असतोच.
तरी दिवसभर तेच डोक्यात. वाईट वाटलं. खूप वाटलं.
दुपारी एजेचा फोन. शनिवार बँडला दिला. मी ओरडलोच. एजे म्हणाली, आयजमाल गाईल, साग्यीन वाजवेल, गाणी तीन-तीन मिनिटांची. मी विचारलं, आणि मी? तू सोमवारी आठला ये, म्हणाली, तुझ्यासाठीही जागा आहे, तुला बोलायला छान येतं. बहुधा व्यवस्थापक.

२३ एप्रिल, सोमवार
काउंटर. ऑर्डर घ्यायच्या, चहा न्यायचा, टेबलं पुसायची. तात्पुरतं आहे.
एका म्हातारीपुढे कपबशा लावताना गाणं गुणगुणत होतो, तर तिने नीट म्हणायला सांगितलं. मी अकराच्या अकरा मिनिटं म्हटलं आणि तिने शेवटपर्यंत ऐकलं. तिच्या मांती, म्हणजे खिम्याचे मोदक, अजून उकडायच्या होत्या.
एप्रन अगदी मापाचा निघाला.