दुपारचा व्हिडिओ गेम

रोह्याच्या आई, तुमच्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटी मी आज फळीवर नीट लावल्या. हे तुम्हाला कळवावं असं सकाळपासून वाटतंय. लग्न होऊन रोह्याला आले तेव्हा पेणच्या आईला मी पत्रं लिहायचे, पण तुम्हाला, म्हणजे सासूला, पत्र लिहायचा प्रसंगच कधी आला नाही. आपण एकाच घरात, आणि तुम्हाला वाचताही येत नव्हतं. पेणला जाणारं माझं पाकीट पोस्टात टाकायला मात्र तुम्हीच जायचात, आणि आत काय लिहिलंय असं एकदाही विचारलं नाहीत. मला वाटायचं, विचारावं. तुमच्याविषयी बरंच लिहिलेलं असायचं, आणि सुरुवातीला ते फारसं चांगलं नसायचं.

घराचं रंगकाम काढलंय. ह्यांची धाटावची नोकरी संपली, शिफ्ट संपल्या, आणि आता दिवसभर घरात काय करायचं म्हणून ह्यांनी माळा उपसला. तिथून तुमच्या जुन्या लुगड्यात बांधलेलं व्हिडिओ गेमचं गाठोडं खाली आलं. हे म्हणाले, "भंगारात देऊन टाकू." मी म्हटलं, "आधी लावून बघू." तर आताच्या टीव्हीला ती वायर लागतच नाही. धाटावच्या रस्त्याला जुने टीव्ही दुरुस्त करणारा एक जण आहे, त्याच्याकडून मी पाठीला कुबड असलेला जुना टीव्ही आणला. त्याच्याकडे गोणीभर जुन्या कॅसेटीही पडल्या होत्या. त्यातल्या निवडून आणल्या, मग पुढच्या आठवड्यात आणखी आणल्या, आणि तिथून मला पुन्हा नाद लागला. तो म्हणतो, कॅसेटीत फुंकर मारू नका, ओल जाते, कापसाला स्पिरिट लावून पुसा. तुम्ही तर चुलीला घालावी तशी फुंकर घालायचात, आणि कॅसेट निमूट चालायची. हे मी त्याला सांगितलं नाही.

फळीवर लावताना प्रश्न पडला की कशा क्रमानं लावू. नावं अर्ध्या कॅसेटींवरची उडालीत. शेवटी तुमच्या मर्जीनं लावल्या. रणगाड्यांची सगळ्यात पुढं. मग शिड्या चढायची, जिच्यातला माणूस वरून पडला की तुम्ही स्वतःचा गुडघा धरायचात. मग गाड्यांच्या शर्यतीची, जिच्यात प्रत्येक वळणाला तुम्ही अख्ख्या अंगानं कलंडायचात आणि मला दंडाला धरून तुम्हाला सरळ करायला लागायचं. मारामारीच्या शेवटी ठेवल्यात. "उगाच मारतान एकमेकाना. भांडन कशाचा हाय ते तरी सांगा," असं म्हणून तुम्ही ती कॅसेट काढून टाकायचात. नव्या आणलेल्यांतली एक बागेची आहे, झाडं लावायची आणि पाणी सोडायचं. ती तुम्ही बघितलेली नाही, तरी तुमच्या आवडत्यांतच ठेवली.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी पेणला गेले होते. मुलगी झाली, पण ती रडली नाही. नर्सनं माझ्याकडं न बघता तिला गुंडाळलं. त्यानंतर घरात आई मला बघून रडायची, तिला बघून मी रडायचे, आणि बाबा अंगणात जाऊन उभे राहायचे. एका सकाळी तुम्ही आलात. ओटीवर चपला काढल्यात आणि सरळ स्वयंपाकघरात शिरलात. आई तांदूळ निवडत होती. तुम्हाला बघून तिचा बांध फुटला. तुम्ही तिच्या पुढ्यातलं ताट ओढून घेतलंत आणि निवडायला बसलात. निम्मे तांदूळ झाल्यावर म्हणालात, "मी तिला न्यायला आलंय."

"अजून थोडे दिवस राहू दे की इथं," आई म्हणाली. "अंगात ताकद नाही तिच्या."

"ताकद येल. पन तुमी दोगी एकमेकीला बगून रडताव. माज्याकडं बगून तिला रडू येनार नाय."

त्यावर आई रडता रडता हसली. मला मात्र राग आला. किती कोरडी बाई, असं वाटलं. गाडीत मी खिडकीकडं तोंड करून बसले. नागोठणं आलं तेव्हा तुम्ही माझ्या मांडीवर सोललेल्या शेंगा ठेवल्यात. मी त्या खाल्ल्या नाहीत. रोह्याला उतरताना तुम्ही त्या गुपचूप परत पुडीत बांधल्यात.

इथं मी भिंतीकडं तोंड करून पडून असते. शेजारच्या बायका येतात, वय आहे अजून, होईल दुसरं, असं बोलून जातात. तुम्ही त्यांना चहा देता आणि रिकाम्या कपबशा घेऊन आत जाता. मग एका दुपारी, हे शिफ्टला गेलेले, तुम्ही पुढच्या दाराला कडी घातलीत आणि कपाटावरून धाकट्या भावजींचा व्हिडिओ गेम खाली काढलात. भावजी नोकरीला गुजरातेत गेले तेव्हापासून तो तिथंच पडलेला होता. धूळ पदरानं पुसलीत आणि मला म्हणालात, "ह्यो कसा लावतान गो?"

मला वाटलं, तुमचं डोकं फिरलंय. "आई, आत्ता?"

"मंग कवा? धाकटा खेलाचा तवा मी मागून बगायची. त्यानी एक दिस इचारला नाय, आई, तू खेलतीस का. मना खेलाचाय. शिकव."

नाही म्हणायलाही अंगात जोर नव्हता. मी उठले, वायरी लावल्या, रणगाड्यांची कॅसेट घातली आणि रिमोट तुमच्या हातात दिला. बटण दाखवलं. तुम्ही अंगठा ठेवलात आणि रणगाडा उजवीकडं सरकला. तुम्ही अंगठा उचललात. तो थांबला. पुन्हा ठेवलात. पुन्हा सरकला. तुम्ही माझ्याकडं वळून हळूच विचारलंत, "ह्यो मी हालवला?"

"हो."

"आजवर टीव्हीनी दाखवला नि आपुन बगला. ह्यो आपला ऐकतंय गो." आणि तुम्ही हात पुढं करून दाखवलात. त्यावर काटा उभा राहिला होता. मी त्या हाताकडं बघत राहिले. रापलेला, मिठागरात टोपल्या उचलून गाठी आलेला हात, आणि त्यावर लहान मुलीसारखा शहारा. त्या क्षणी मला पहिल्यांदा वाटलं की ह्या घरात माझ्याशिवाय आणखी कुणीतरी राहतं.

रोज दुपारी जेवणं उरकली की कडी लागायची. मी बाजूला बसून सांगायचे, तुम्ही खेळायचात आणि हरायचात. पडद्याच्या खालच्या बाजूला आपला विटांचा किल्ला, आणि वरून रणगाडे येणार. तुम्ही एका रणगाड्याच्या मागं धावलात की दुसरा बाजूनं शिरून किल्ला उडवायचा. एकदा तसंच झालं आणि तुम्ही वैतागून म्हणालात, "दुसरा रिमोट हाय ना? मंग बगत काय बसलीस? एकटीला जमनार हाय का ह्या?" मी रिमोट उचलला. त्या दिवसापासून तुम्ही किल्ल्यापाशी आणि मी पुढं.

जित्याहून ह्यांची आत्या आली ती ह्याच दिवसांत. मागच्या दारानं आली आणि आपल्या दोघींना टीव्हीसमोर बघून जागीच थांबली. "पोर जाऊन किती दिस झालं? नि सून खेलतंय?"

माझ्या हातातला रिमोट खाली पडला. तोंडावर रक्त चढलं. कारण ती बोलली तेच मीही मनात रोज बोलत होते.

तुम्ही रिमोट सोडला नाहीत, पडद्यावरून नजरही काढली नाहीत. "मी खेलतंय," तुम्ही म्हणालात. "ती मना शिकवतंय. तू बी बस, तुना बी शिकवंल."

"लोक काय म्हनतील?"

"त्यांना सांग, म्हातारीला नाद लागलाय. खराच हाय ते."

आत्यानं गावभर सांगितलं. वाणी तुम्हाला बघून विचारायचा, काय आजी, आज किती रणगाडे मारले. पोरं तुमच्या मागं फटफट आवाज काढायची. तुम्ही हसून पुढं जायचात. सून दुःखात खेळत बसली असं रोह्यात कुणीच म्हणालं नाही, सगळे म्हणाले, सासूला वेड लागलं. तुम्ही ते ठरवून स्वतःवर ओढून घेतलंत हे माझ्या ध्यानात यायला फार वेळ गेला. आजही बाजारातून येताना ते आठवतं आणि मी चालता चालता थांबते.

मग ती दुपार. एक पट संपला की दुसरा, असे किती पट पार केले ते आपल्यालाही माहीत नव्हतं. एकेक रणगाडा संपत गेला, वाजणं थांबलं, पडदा काळा झाला. तुम्ही श्वास धरून बसलेल्या. मीही. आणि त्या काळ्यातून पुन्हा पहिलाच पट वर आला. त्याच विटा, तीच सुरुवातीची धून. सगळं होतं तिथं परत. मला काय झालं कुणास ठाऊक, मी तोंडात पदर कोंबला आणि रडले. पेणला रडत होते तसं नाही. पोटातून काही खरवडून निघावं तसं.

तुम्ही टीव्ही बंद केला नाहीत. धून वाजत राहिली. माझ्या पाठीवर हात ठेवून तुम्ही म्हणालात, "माजा बी एक गेला. तुज्या नवऱ्याच्या आदी. मुलगाच होता."

ह्यांनी हे मला कधी सांगितलं नव्हतं. ह्यांनाही माहीत नव्हतं.

"मना सासूनी दुसऱ्याच दिशी मिठागरात नेली. वाईट नव्हती ती. मानूस कमी होता, मीठ काढाची येल झालेली. मी टोपल्या उचलल्या. दूध यायचा, चोली भिजायची, नि खाली बगला तं सगला पांढरा पांढरा मीठ. कोनी मना इचारला नाय, तुना काय पायजे." तुम्ही रिमोट मांडीवर ठेवलात. "मना तवा काय पायजे होता ठावं हाय? मना पोरींच्यात जाऊन लंगडी खेलावीशी वाटत व्हती. मीच म्हनायची, काय बाई हाय मी, पोर मेला नि मना लंगडी सुचतंय."

आई, मी शिकलेली होते, पेणला कॉलेजात जाऊन आलेली होते, आणि माणसाच्या दुःखाविषयी इतकं खरं बोलणं मी तोवर ऐकलं नव्हतं. ते वाक्य तुम्ही आयुष्यभर पोटात ठेवलं होतंत आणि मी भिंतीकडं तोंड करून पडले तेव्हा त्यातून औषध काढलंत. काम दिलं नाहीत, उपदेश दिला नाहीत. खेळायला घेतलंत. कोरडी बाई म्हणत होते मी तुम्हाला. मी तुमच्या तोंडाकडं बघत राहिले, आणि ते नवं दिसत होतं, डोंगर रोज बघावा आणि एक दिवस अचानक त्याची उंची दिसावी तसं. तुम्ही मात्र डोळे पुसलेत, पुन्हा रिमोट उचललात आणि म्हणालात, "चल. आता पयल्यापेक्षा जोरात येतान."

पुढं मुलगी झाली, धडधाकट, पेणचं अख्खं हॉस्पिटल डोक्यावर घेणारी. ती रांगायला लागली आणि वायरी चघळायला लागली तेव्हा तुम्हीच सगळं आवरलंत आणि लुगड्यात बांधून माळ्यावर टाकलंत. ती शाळेत जायला लागली त्या वर्षी तुम्ही गेलात. तापाचं निमित्त झालं. नंतर संसाराच्या रेट्यात मला खेळ आठवलाही नाही.

आता तो जुना टीव्ही आणला त्याच दिवशी लावला, कॅसेट घातली. मला वाटलं होतं, काही येणार नाही. धून सुरू झाली आणि अंगठे आपोआप जागेवर गेले. कोणत्या कोपऱ्यातून काय येणार हे मला नाही, माझ्या बोटांना ठाऊक होतं. इतकी वर्षं ह्याच बोटांनी मी भाकऱ्या थापल्या, डबे भरले, मुलीच्या वेण्या घातल्या, आणि ह्या सगळ्याखाली ते शिल्लक होतं. मला भीतीच वाटली थोडी. हे दारात येऊन उभे राहिले, बराच वेळ बघत होते. म्हणाले, "तुला हे येतं?" मी म्हटलं, "तुमच्या आईला माझ्यापेक्षा चांगलं यायचं." मग तुमचं ते मिठागराचं सगळं सांगितलं. ऐकून हे उठले. चहा करून आणला आणि खाली जमिनीवर बसले. खेळले नाहीत, पण आता रोज बसतात.

हे पत्र टाकायचं तरी कुठं. तुमच्या फोटोमागंही ठेवणार नाही, तुम्हाला कुणी वाचून दाखवणार नाही. पण एक कबूल करायचं राहिलंय. त्या सगळ्या दुपारी तोंडानं मी "आई, सरका," "आई, तुम्ही मागं व्हा" असंच म्हणायचे, सुनेनं म्हणावं तसं. मनात मात्र पहिल्या दिवसापासून अगं-तुगं चाललेलं असायचं, पेणच्या आईशी चालायचं तसं. ते तुमच्यासमोर एकदाही तोंडातून निघालं नाही. काल दोघींचा डाव लावला होता. तुमचा रणगाडा किल्ल्यापाशी उभा, हलत नव्हता, आणि वरून तिघे येत होते. हे शेजारी बसलेत हे विसरून मी मोठ्यानं म्हणून गेले, "अगं, सरक ना थोडी."