तीन ते चारचा तास

गिरगाव,
१७ जानेवारी १९६०

प्रिय कमलाकांत,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू आधी घाबरला असशील आणि मग तुला संशय आला असेल. दिवाळी नाही, भाऊबीज नाही, ताईला पत्र लिहायची हुक्की का आली? संशय घेतलास ते बरोबरच. दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत मी तरी कोणावर विश्वास ठेवलेला तुला आठवतो का? इथे सगळे म्हणतात राज्य मिळालं, मुंबई आपली झाली, मुगभाटात पेढ्यांची ऑर्डर द्यायचं चाललंय. मी म्हणते, हातात पडेपर्यंत कोणाचं खरं धरू नये. तुमच्या नागपुरात काय बोलतात ते कळव.

पण मी हे सांगायला बसलेली नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी दारात पास्कल उभा होता. हो, तोच, आपल्या नलूचा नवरा. खोताची वाडी आपल्या घरापासून पाच मिनिटांवर, पण बारा वर्षांत त्याने आपला उंबरठा पाहिला नव्हता. नलूने ख्रिस्ती होऊन त्याच्याशी लग्न केलं तेव्हा अप्पांनी दार लावलं, आणि आपण दोघांनी ते कधी उघडून पाहिलं नाही. टोपी हातात धरून तो म्हणाला की नलूला परळच्या इस्पितळात ठेवलंय, कॅन्सर हाडांत उतरलाय, आणि तिला ताईला बघायचंय. माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? कुठंतरी पाणी मुरतंय. अप्पांमागे घर आपल्या दोघांच्या नावावर झालं, आता हा तिचा वाटा मागायला आलाय. मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

तरी चौथ्या दिवशी ट्रामने गेले. आपली नलू खाटेवर शोधावी लागली रे, एवढीशी उरलीय. मला बघून हसली आणि पहिला प्रश्न काय, तर डब्यात माशांचं भुजणं आहे का. होतं. दोन घास खाल्ले, म्हणाली संबार मसाला अजून तूच कुटतेस वाटतं. बारा वर्षांचं बाकी काहीच बोलली नाही. मला ते बरं वाटलं आणि संशयही आला.

तेव्हापासून दर रविवारी आणि जमलं तर बुधवारीही जाते. तुला कळवलं नाही, कारण तू काय म्हणशील ते मला ठाऊक होतं. "बापाच्या मरणालाही आली नाही ती" हे तुझं वाक्य मी चार वर्षं ऐकतेय.

तिथे एक गोष्ट माझ्या लक्षात आली. दुखणं थांबवायची सुई तिला दुपारी तीनला द्यायची असते. ती तीनला घेत नाही, चारला घेते. मधला तास कसा जातो ते मी पाहिलंय. ओठ दातांखाली, कपाळावर घाम, मूठ चादरीत, डोळे मात्र उघडे. नर्स सुई घेऊन येते आणि परत जाते. मी त्या नर्सशी भांडले, पास्कलशी भांडले, मग माझा सगळा राग वळला तो सिस्टरवर. वसईकडची एक सिस्टर आहे, नर्स नव्हे, मठातली जोगीण, झगा घालते पण बोलणं आपल्यासारखं. रोज येऊन नलूजवळ बसते. मला खात्रीच पटली की हिनेच माझ्या बहिणीच्या डोक्यात भरवलंय. दुखणं सोसलं की स्वर्ग मिळतो, असलं काहीतरी. मरणाऱ्या माणसाला धर्म शिकवायला कोण येत नाही?

एके दिवशी तिला जिन्यात अडवून मी हे तोंडावर बोलले. ती चिडली नाही, उलट थकल्यासारखी पायरीवर बसली. म्हणाली, मी तर रोज हिला रागावते, देव कोणाकडे दुखणं मागत नाही, सुई घे म्हणते, ही ऐकत नाही. मला वाटलं, बनवतेय. मग नलूलाच विचारलं. ती म्हणाली, "ताई, दुखणं तर जाणार नाही. मग फुकट का जाऊ द्यायचं?"

ख्रिस्ती लोकांत म्हणे असं असतं, की आपलं दुखणं येशूच्या दुखण्याला जोडायचं आणि कोणा एकाच्या नावाने देवाला वाहायचं, आपण कोणाच्या नावाने अभिषेक करतो तसं. येशूने तीनच्या सुमारास प्राण सोडला, म्हणून तिने तो तास धरलाय. दिवसाचे तेवीस तास डॉक्टरांचे, एक माझा, असं म्हणाली. मला हे पटलं असं समजू नकोस. पण खोटं कशाला सांगू, शेजारच्या खाटेवरची बाई सुई घेऊनही दिवसभर देवाला शिव्या घालते आणि आपली नलू चार वाजता नर्सला हात जोडून हसते. दुखणं दोघींचं सारखंच आहे. नलूने आपलं कामाला लावलंय, एवढाच फरक मला दिसला. त्यातून तिला जो आधार मिळतो तो मी माझ्या देव्हाऱ्यापुढे पन्नास वर्षं बसून मिळवलेला नाही.

डिसेंबरात तिच्या उशीखाली घडी केलेला कागद दिसला. माझा स्वभाव तुला माहीत आहे. ती डोळे मिटून होती, मी कागद काढला. मृत्युपत्र असणार, घराचा वाटा चर्चला लिहून दिला असणार. तसं काही नव्हतं. वार लिहिले होते आणि पुढे नावं. सोमवारी रखमा, वॉर्डातली आया, तिचे गुडघे धरतात. मंगळवारी वाडीतला एक मुलगा, छपन्न सालच्या गोळीबारात गेला तो. बुधवारी त्याच्यावर गोळी झाडणारा शिपाई. हे वाचून माझं डोकंच फिरलं. आणि पुढे गुरुवार ते रविवार, चारही वार, एकच नाव. तुझं. कमलू. खाली बारीक अक्षरात लिहिलंय, दारातली गोष्ट त्याच्या मनाला लागून राहू नये.

तू म्हणशील, कुठलं दार, कसली गोष्ट? तुला ते माहीत असायचं कारणच नाही. कागदावर माझं नाव कुठेच नव्हतं. मी तो होता तसा ठेवला आणि त्या दिवशी डबा तिथेच विसरून घरी आले.

पुढच्या खेपेला मी सिस्टरला आडून विचारलं, समजा कोणी भलत्याच माणसाच्या नावाने दुखणं वाहिलं तर ते वाया जातं का? ती म्हणाली, "ज्याला हवं त्याला पोचतं, बाई. देवाला माणसं माहीत असतात." तेव्हापासून माझं मन थाऱ्यावर नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगाच नाही. जन्मभर दुसऱ्याच्या घरात पाणी मुरताना बघणारी मी, ते कुठून येत होतं ते आता कळलं.

कमलू, अप्पा गेले त्या दुपारी कर्फ्यू होता आणि प्रेत न्यायला पास हवा म्हणून तू पोलीस चौकीवर गेला होतास. तू गेल्यावर नलू आली. मागच्या गल्लीतून, चपला हातात घेऊन, गोळीबार चालू असताना. मी दारात आडवी उभी राहिले. तिला म्हटलं, कमलू आत बसलाय, तो म्हणतो बाटलेल्या माणसाने माझ्या बापाला शिवायचं नाही. तिने आत वाकून पाहिलंसुद्धा नाही. माझेच डोळे पुसले आणि गेली. तू परत आल्यावर विचारलंस, नलू आली होती का, आणि मी नाही म्हटलं. का, ते विचारशील. आठ वर्षं अप्पांचं मी केलं, आणि शेवटच्या रात्री ते सारखं तिलाच हाक मारत होते. मला सहन झालं नाही. दुसरं कारण नाही.

ती तुझ्या नावाने आठवड्यातले चार दिवस जळतेय, आणि तू काहीच केलेलं नाहीस. गेल्या रविवारी मी सांगायला तोंड उघडलं, तर तीच म्हणाली, कमलू येईल का गं? मी डबा आवरला आणि न सांगताच निघाले. आपण होऊन माझ्याने होणार नाही, मला आता माझाही भरवसा नाही. तू ये. रजा मिळत नसेल तर न मिळवता ये. तिच्या खाटेपाशी मला विचार की ताई, त्या दिवशी दारात काय बोललीस. तू विचारलंस की मी सांगेन. डॉक्टर पंधरा दिवस म्हणतात. तीनच्या आत पोच. चारला सुई दिली की ती कोणाला ओळखत नाही.

तुला म्हणवलं तर तुझीच,
ताई