मिठात लपवलेली सुरी

ता. ४ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

ज्याच्या हाताची पकड सैल झाली आहे, त्याला सुरी द्यावी की नाही? मला उत्तर येत नाही. आई म्हणते, घरात पदवी तुझ्याकडे, तूच ठरव. पदवी इतिहासाची आहे, हे तिला किती वेळा सांगू?

आजारपणानंतर बाबा आता हिंडूफिरू लागलेत आणि पुन्हा वेताच्या खुर्च्या विणायला बसतो म्हणतात. पण उजव्या हातातून कपसुद्धा निसटतो. म्हणून आईने त्यांची वेत तासायची सुरी लपवली. कुठे, तर मिठाच्या बरणीत, चामड्याच्या म्यानासकट. बाबा तिथे शोधणार नाहीत, हा तिचा हिशेब बरोबर होता. मीठ ओल धरतं, एवढं मात्र राहून गेलं. मी काढली तेव्हा पातं गंजून म्यानात चिकटलं होतं आणि धारेला खड्डे पडले होते. बाबा ती काम झाल्यावर पुसून, तेलाचं बोट फिरवून, म्यानाबाहेर ठेवायचे. आई म्हणाली, पांघरूण घातलेलं बरं, असं वाटलं.

बाबांना सांगितलं. ते रागावले नाहीत, आणि तेच मला सहन होत नाही. नुसते खिडकीपाशी बसतात. नवी सुरी घ्यावी का? घेतली तर कसली?

लोभ असू दे, सल्ला त्याहून जास्त असू दे.
तुझी भाची

ता. ११ मार्च

चि. पदवीधर बाईंस,
अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र शिवणाच्या दुकानात मोठ्याने वाचलं. मिठाची बरणी आली तेव्हा माप द्यायला उभं असलेलं गिऱ्हाईक इतकं हसलं, की माप पुन्हा घ्यावं लागलं. वहिनीला सांग, पुढच्या वेळी नवऱ्यालाच बरणीत घाल, निदान टिकेल तरी.

सल्ला म्हणशील तर मिटणारा चाकू घे. मिटला की कुणाला टोचत नाही. माझ्या भावाची पकड सैल झाली असेल, हट्ट नाही. लहानपणी त्याने माझ्या बाहुलीला पलंग विणला, त्यावर मी बसले आणि तो मोडला. अजून मलाच बोल लावतो.

खरं सांगू का? उद्या माझ्या हाताला कापरं भरलं आणि कुणी माझी कात्री लपवली, तर मी त्या घरात जेवणार नाही. पण मी त्याची बहीण आहे गं. मला तो दहाही बोटांसकट हवाय.

माया आहेच. नमस्कार कमी आणि बातमी जास्त लिहीत जा.
तुझी आत्या

ता. १९ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझा सल्ला मानला नाही. मिटणारा चाकू दुकानात बोटं ढिली सोडून लाकडावर दाबून पाहिला. टोक अडलं की पातं बोटांवरच मिटू पाहतं. शिवाय उघडायला अंगठ्यात जोर लागतो, आणि बाबांकडे नेमका तोच नाही. म्हणून न मिटणारी सुरीच घेतली. पातं आखूड, पण त्याचं पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं. मूठ जाड, खरखरीत, आणि बोट पुढे घसरू नये म्हणून कठडा. पोलाद सहसा न गंजणारं आहे. धार लावायला वेळ लागेल, पण बाबांकडे वेळ आहे आणि आईकडे मीठ. दुकानदाराने विचारलं, शिकारीला निघालात का. मी सांगितलं, खुर्ची विणायला.

आईचं म्हणणं, धार थोडी बोथट करून द्यावी. बोथट सुरीवर जोर जास्त लागतो आणि मग ती घसरते, असं समजावलं, तर म्हणाली, एवढं शिकवलं ते हेच ऐकायला.

भीती माझीही गेलेली नाही. पण बाबांच्या हातांबद्दल आपण तिघीच ठरवत बसलो, हे मला बरं वाटेना. म्हणून त्यांनाच विचारलं. ते म्हणाले, "पकड गेली हे मला तुमच्याआधी कळलंय. वेत मांडीवर धरणार नाही, फळीला बांधून तासेन. फक्त कुणी समोर बसून बघू नका."

आज सकाळी शेजाऱ्यांची मोडकी खुर्ची त्यांच्यापुढे ठेवली, सुरी हातात दिली आणि आईला घेऊन बाहेर पडले. हे पत्र बागेतल्या बाकावर बसून लिहिते आहे. आता घरी जायचं का, असं आई सारखं विचारते आहे. अजून नाही, म्हणून सांगितलंय.

रागावलीस तरी लोभ आटू देऊ नकोस.
तुझी भाची